चौथा रकाना

शाळेत त्यांना सगळे होकायंत्र म्हणत. नाव मुलांनी ठेवलं होतं आणि ते कायमचं चिकटलं, कारण भूगोलाच्या या सरांना कुठल्याही खोलीत नेऊन उभं केलं तरी पहिल्या मिनिटात ते बोट उचलून सांगत, उत्तर इकडे. लग्नाच्या हॉलमध्ये सांगत, दवाखान्याच्या बाकावरही सांगत. कुणी विचारलेलं नसे. माणूस तसा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी घाईने त्यांना शिव्या घालणार नाही. सावकाश घालता येतील.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलांना चार विषय निवडावे लागत. अर्जावर चार रकाने असत. पहिल्यात भाषा, दुसऱ्यात गणित किंवा इतिहास, तिसऱ्यात जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्र आणि चौथ्यात रसायनशास्त्र किंवा भूगोल. एका रकान्यातले दोन्ही विषय एकाच तासाला शिकवले जात, त्यामुळे रसायनही हवं आणि भूगोलही हवा, असे लाड चालत नसत. आणि ज्या विषयाला शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बारा अर्ज येणार नाहीत, तो विषय बंद. एकदा वर्ग सुरू झाला की मग पुढे मुलं कमी झाली तरी तो चाले, पण सुरू व्हायला बारा लागत. मुख्याध्यापिकाबाई हा नियम दर वर्षी इतक्या गोड आवाजात वाचून दाखवत की ऐकणाऱ्याला वाटावं, बक्षिसांची यादी आहे.

दोन वर्षांपूर्वी शिवणकाम सात अर्जांवर गेलं होतं. शिवणकामाच्या बाईंची नोकरी गेली नाही, पगारातही फरक पडला नाही. त्यांना फक्त सामानाच्या खोलीत टेबल दिलं. सकाळी वर्गावर्गाला खडू वाटायचे आणि दिवसभर, जो शिक्षक आला नसेल त्याच्या वर्गावर जाऊन मुलांना गप्प बसवायचं. या वर्षी शेवटच्या आठवड्यात भूगोलाचे अर्ज अकरावर अडले, तेव्हा बाई शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता सरांना म्हणाल्या, "या आमच्याकडे. खिडकीजवळची जागा तुम्हाला देते."

सगळे हसले, सरही हसले, पण चहा अर्धा ठेवून उठले. वीस वर्षं फळ्यावर न बघता खंड काढून दाखवणारा माणूस, त्याने खडू वाटायचे. त्या आठवड्यात त्यांनी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. मैदानावर जाऊन फुटबॉलवाल्या पोरांना सांगितलं की भूगोलाला गृहपाठ नसतो. इतिहासवाल्या दोघींच्या आयांना फोन केला. एका मुलाला तर सहलीचं आमिष दाखवलं, जी सहल अस्तित्वातच नव्हती. पोरं हो सर, हो सर म्हणाली आणि अर्ज रसायनाच्या खणात टाकून आली.

बारावं नाव त्यांच्या घरातच होतं, हे त्यांना रविवारी दुपारी सुचलं. आधी सुचलं नव्हतं असं ते नंतर म्हणत, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्यांची लेक त्याच वर्षात होती. तिचा अर्ज महिनाभर आधी भरून तयार होता: भाषा, गणित, जीवशास्त्र, रसायन. तिची आई एका तपासणी केंद्रात रक्त तपासायची. पोर सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची, आणि आईच्या उंच स्टुलावर चढून सूक्ष्मदर्शकात डोळा घालायची. तिला जंतूंवर संशोधन करायचं होतं. या वयात मुलं काहीही म्हणतात, पण ही नुसतं म्हणत नव्हती. तिने कुठल्या कॉलेजात काय लागतं ते लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, आणि प्रत्येक ओळीत रसायन होतं.

"फक्त कागदावर," सर स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसत म्हणाले. लेक भेंडी चिरत होती, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "अर्ज भूगोलाचा दे. वर्ग एकदा सुरू झाला की पंधरा दिवसांत विषय बदलता येतो. दर वर्षी रसायनातून चार-पाच जण पळतात. पहिल्या आठवड्यात तो वास नाकात गेला की पळतातच. त्यातली एक जागा तुझी."

"आणि नाही पळाले तर?" लेकीने विचारलं.

"वीस वर्षं बघतोय मी."

"तिथे चोवीसच जागा आहेत बाबा. आठ टेबलं, टेबलाला तीन."

"अगं, मला माहिती नाही का?"

आई घडी अर्धवट ठेवून म्हणाली, "अहो, तुम्हाला वर्ग नाही मिळाला तर खडू वाटाल. हिला जागा नाही मिळाली तर ही काय करेल?"

"तुला कळत नाही त्यातलं," सर म्हणाले. असं ते बायकोला सहसा म्हणत नसत. तिने अर्धवट घडी पुन्हा उचलली. लेकीने सुरी खाली ठेवली आणि बापाच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर जे काही होतं ते तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. होकायंत्र घाबरलं होतं. तिला बापाची दया आली, आणि इथेच ती फसली.

"नक्की बदलता येईल ना?"

"शब्द देतो."

सोमवारी सकाळी तिने चौथ्या रकान्यात भूगोल लिहिलं. बारा झाले. सरांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी शिवणकामाच्या बाईंना स्वतःहून चहा पाजला.

मंगळवार शेवटचा दिवस. दुपारी साडेतीनला गावात नव्याने बदलून आलेल्या पोस्टमास्तरांची मुलगी ऑफिसात आली आणि कुणी काही न सांगता, कसलंही आमिष न दाखवता भूगोलाचा अर्ज देऊन गेली. तिला तो विषय आवडत होता, बस. कारकुनाने सरांना बोलावून घेतलं.

"सर, तेरा झाले तुमचे." तो पाकिटातून सरांच्या लेकीचा अर्ज अर्धा बाहेर काढून बसला होता. "रसायनाला तेवीस आहेत, एक जागा राहिलीय. ताईंचा बदलून टाकू का? पाचपर्यंत हातात आहे माझ्या. त्यांना वरून बोलावून घ्या, दोन मिनिटांचं काम."

एवढं सरळ होतं ते. कारकुनाने पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं.

सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पोस्टमास्तरांनी तासाभरात मन बदललं तर? फुटबॉलवाला एकजण सकाळपासून कुरकुरत होताच, तो पाचच्या आत येऊन अर्ज मागे घेऊन गेला तर? बारा म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहणं, तेरा म्हणजे एक पाऊल आत. शिवाय सूचना फलकावर तेरा किती छान दिसेल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. आणि सगळ्यात खाली, जे त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नाही, ते असं की लेक पंधरा दिवस का होईना, आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसेल, आपण काढलेले खंड बघेल, हे त्यांना फार फार हवं होतं. घरी कुणी बघत नसे.

"राहू द्या," ते म्हणाले. "पंधरा दिवस आहेत की."

कारकुनाने टोपण लावलं. चोविसावी जागा पावणेपाचला गेली. पाच वाजेपर्यंत भूगोलाचा एकही अर्ज मागे गेला नाही. फुटबॉलवाला सुद्धा राहिला.

त्या वर्षी रसायनाला नव्या बाई आल्या होत्या. तरुण, बारीक, आवाजाने मोठ्या. पहिल्याच तासाला त्यांनी दिवे मालवून एकेक क्षार जाळून दाखवला, हिरवी ज्योत, जांभळी ज्योत, शेंदरी ज्योत. पोरं वेडी झाली. वास नाकात गेला तरी कुणी हलेना. होकायंत्र सर रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारावरून जात आणि आतली डोकी मोजत. चोवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. एक मुलगा दोन दिवस दिसला नाही तेव्हा सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याची चौकशी केली. त्याला ताप आला होता. तिसऱ्या दिवशी तो हजर.

बाराव्या दिवशी ते नव्या बाईंकडे गेले. नाक मुठीत धरून जाणं म्हणतात ते हेच. लेक पंचविसावी म्हणून कोपऱ्यात उभी राहील, म्हणाले.

"टेबलाला चौथं मूल उभं केलं आणि कुणाचा हात भाजला, तर मी त्या मुलाच्या बापाला काय सांगू?" बाई म्हणाल्या. "सर, तुम्हीच सांगा, तुम्ही बाप आहात."

पंधराव्या दिवशी लेक स्वतः ऑफिसात गेली होती. संध्याकाळी तिघं जेवायला बसली तेव्हा तिने ताटात वाढून घेतलं, पहिला घास घेतला, आणि विचारलं, "बाबा, तेरावा अर्ज किती वाजता आला?"

"कोण जाणे," सर म्हणाले. "शेवटी शेवटी आला."

"साडेतीनला. कारकूनकाका म्हणाले. म्हणाले, मी सरांना सांगितलं होतं, एक जागा आहे म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मी तेव्हा वरच्या मजल्यावरच होते. वाचत बसले होते."

आईने हातातला डाव पातेल्यात ठेवला. सरांनी एखादा फाटा, एखादी अडचण, एखादी तारीख सांगायचा प्रयत्न केला. बोलण्यात पोस्टमास्तर येऊन गेले, फुटबॉलवाला येऊन गेला. बायको काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने उठून दुसऱ्या खोलीत जाऊन लेकीच्या कपाटाचं दार उघडलं आणि आतून चिकटवलेला तो कागद हळू, कोपरे न फाडता काढला. तो फेकून दिला नाही. कुठे ठेवला ते सरांना कधी कळलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही.

लेकीने रडारड केली नाही, अबोलाही धरला नाही. तो धरला असता तर सरांना तो सोडवण्याचं काम तरी मिळालं असतं. ती पहिल्या बाकावर बसली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. वही अशी ठेवली की सरांना लाल शाई वापरायला जागा सापडेना. आणि घरी त्यांना एकही शंका विचारली नाही. दोन वर्षांत एकही नाही. कधी सर आपणहून नकाशा उघडून बसले, तर ती म्हणे, "शाळेत घेऊ ना सर," आणि लगेच, "चुकलं, बाबा." खरंच चुकून म्हणायची की काय, हे त्यांना कधी ओळखता आलं नाही.

शेवटच्या परीक्षेत ती भूगोलात सगळ्या शाळांमध्ये पहिली आली. सरांचा हार घालून फोटो निघाला. लोक म्हणाले, घरातच खाण आहे मग काय. रसायन नसल्यामुळे कपाटावरच्या कागदातलं एकही दार तिच्यासाठी उघडलं नाही, आणि ती जमीन मोजण्याचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात गेली. तिथेही ती चांगलीच होती. वाईट असण्याची तिला सवय नव्हती.

त्या फोटोमुळे पुढच्या वर्षी भूगोलाकडे पोरांची रीघ लागली. अर्जाच्या आठवड्यात सरांनी लेकीला विचारलं, एकदा येऊन मुलांशी बोलशील का. विचारताना त्यांना वाटलं होतं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "येते."

वर्गात पस्तीस मुलं होती. ती फळ्याजवळ उभी राहून छान बोलली, अभ्यास कसा करायचा, नकाशे कसे भरायचे. सर मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. लेक आपल्या वर्गात उभी राहून आपला विषय सांगतेय, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास आला. सगळं निभावलं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला.

"ताई, तुम्ही भूगोलच का घेतलात?"

"सरांना एक जण कमी पडत होता," लेक म्हणाली.

मुलं खो खो हसली. सरही हसले. पस्तीस मुलांसमोर दुसरं काय करणार. ती हसणं थांबेपर्यंत थांबली, आणि मग अभ्यासाच्या वेळा सांगत होती त्याच साध्या आवाजात पुढे म्हणाली, "आणि मग कमी पडतही नव्हता."

हे कुणाला कळलं नाही. विचारणाऱ्या मुलीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. सर भिंतीला टेकून तसेच हसत उभे होते, कारण तोंड कसं मिटायचं ते त्यांना सुचत नव्हतं.