कोरा नमुना

मुलामेवाल्याचा हात आता त्याचं ऐकेनासा झाला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा आणि तो हसून म्हणायचा, "घंटा झाली, उघडा दुकान." त्याच्या मुलीच्या काळजात मात्र चर्र व्हायचं.

धंदा पिढीजात. सोनं पाऱ्यात कालवायचं, त्याचा लोण्यासारखा लेप पितळेच्या दिव्यांवर, घड्याळांच्या चौकटींवर चढवायचा आणि वस्तू भट्टीवर धरायची. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. उडून जातो तो कुठे जातो, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

मुलगी प्रयोगशाळेत होती आणि तिचं काम नेमकं पारा शोधण्याचंच होतं. पेन्सिलीएवढ्या कार्बनच्या कांडीच्या टोकावर ती सोन्याचे कण बसवायची, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक. या कांडीला इलेक्ट्रोड म्हणतात. ती पाण्यात किंवा लघवीत बुडवून वीज सोडली की त्यातला पारा सोन्याला येऊन चिकटतो. मग विजेचा दाब हळूहळू बदलत नेला की तो सुटतो आणि सुटताना पडद्यावरच्या सपाट रेघेला उंचवटा आणतो. जितका पारा जास्त, तितका उंचवटा मोठा.

नवऱ्याची बदली झाल्यापासून ती बापाकडे, दुकानावरच्या आपल्या जुन्या खोलीत राहायला आली होती. दिवस गेलेले, पोट दिसू लागलेलं. भट्टी बंद करा म्हणून तिने लकडाच लावला होता.

"थरथर वयाची आहे गं," तो म्हणायचा. "तुझा आजासुद्धा थरथरायचा."

"आजोबाही मुलामाच द्यायचे ना!"

"मग झालं तर. घराण्याची थरथर आहे."

एकदा मात्र तो चिडून म्हणाला, "तुझ्या त्या कांडीला विचार. ती हो म्हणाली तर विझवतो." आणि नाक मुरडत त्याने लघवीची बाटली तिच्या हाती दिली.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तुलनेला कोरा नमुना लागेल हं. पाऱ्याशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा माणसाचा."

"माझाच घेते की. मी जन्मात आमच्या दुकानात पाय टाकलेला नाही."

ते खरंच होतं. लहानपणी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली की बाप गरजायचा, "वर जा! इथे विष आहे." ती रुसून वर जायची. थंडीत भट्टीच्या बरोब्बर वरच्या फळ्या कोमट असायच्या, तिथे अंथरूण टाकून झोपायची. अजूनही तिचं अंथरूण तिथेच होतं.

तिने आधी कोरा नमुना लावला. रेघ सपाट धावली आणि मग वर उठली. कांडी मळली असेल म्हणून तिने ती घासली, सोनं नव्याने बसवलं. रेघ पुन्हा उठली. शुद्ध पाण्यात सपाट. भांडं बदललं, तरी तिच्या नमुन्यात उठलीच. शेवटी बाईंनी आपला नमुना दिला. तो अगदी सपाट निघाला.

नेहमी टोमणे मारणाऱ्या त्या बाईंनी खुर्ची तेवढी पुढे सरकवली.

मग तिने बापाचा नमुना लावला. त्याचा उंचवटा थोरला, तिचा धाकटा, पण दोन्हींत बापलेकीचं साम्य होतं.

ती दुपारीच घरी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुकानात पाय टाकला. तो एक मोठा दिवा भट्टीवर फिरवत होता.

"काय म्हणाली कांडी?"

"पुष्कळ आहे, बाबा. डॉक्टरांकडे जायचंय."

"जाऊ. हा आणि याच्या जोडीचा, दोन दिवे उरकू दे." तो हसला. "माझं काय, मी आता या दुकानाच्या मालातच जमा. पण एक बरं केलं मी. तुला इथे फिरकू दिलं नाही. पोर माझी कोरी राहिली."

तिला गप्प बसता आलं असतं. जन्मभराच्या राबण्यातून त्याने एवढंच समाधान गाठीला बांधलं होतं. पण दोन दिवे म्हणजे आणखी कितीतरी धूर, आणि पोटातल्या जिवासाठी तरी गप्प बसून कसं चालणार?

"माझ्यातही आहे, बाबा."

"काहीतरीच! तू तर वर होतीस."

"तो वरच जातो."

त्याने मान वर केली. छताच्या फळ्यांमधल्या काळ्या फटींकडे तो बघत राहिला. मग निखाऱ्यांवर वाळू लोटली. अर्धा झालेला दिवा तसाच पडला.

"आणि बाळात?"

"ते मोजता येत नाही."

"एवढी बारीक कांडी तुझी, आणि..."

"नाही येत, बाबा."

"पण आता विझवली ना मी? आता तर नाही ना येणार वर?"

"फळ्यांत मुरलाय. ऊन तापलं की सुटत राहील."

तो उठला, कोपऱ्यातला झाडू घेऊन धापा टाकत जिना चढला आणि तिचं अंथरूण बाजूला ओढून फळ्या खसाखसा झाडू लागला. ती मागोमाग धावली.

"झाडू नका! झाडल्याने आणखी उडतो!"

तो थांबला. झाडू त्याच्या हातात थरथरत होता.

"ठेवा तो खाली," ती म्हणाली.

"कुठे?" त्याने विचारलं.