बंद पेव

पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जावा, यावरून आपल्याकडे डोकी फुटतात, हे काय नव्याने सांगायला हवं! निजामाच्या अमलात आष्टीकडच्या एका गावात हेच झालं. मान त्रिंबकराव पाटलांचा. दुसऱ्या भावकीचा मोठा म्हणजे शहादेव. पण त्याचा बैल बुजला आणि आधीच तोरणाखालून निघून गेला. बैलाला कुठली अक्कल! माणसांनी तरी दाखवायची की नाही? त्या दिवसापासून गावात दोन तट पडले.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला. गावाचं एक पेव होतं. घरोघरची ज्वारी त्यात जमिनीखाली साठवलेली. पेव एकदा उघडलं की सगळं वाटावंच लागतं, म्हणून दोन्ही भावक्यांच्या मोठ्यांनी मिळून उघडायचं, असा रिवाज. आता आधी कोण कुणाच्या दारी जाणार?

विधवा साखराबाई दोन लेकरं घेऊन पाटलांकडे गेली.

"पाटील, पेव उघडा. लेकरं उपाशी हायती."

"शहादेवला माज्याकडं येऊ दे."

ती शहादेवकडे गेली.

"बैल बुजला, मी कावून वाकू?" तो म्हणाला.

मग बिऱ्हाडं निघाली. इंग्रजी मुलखात खडी फोडायचं काम मिळतं म्हणून साखराबाईही चालू लागली.

"पाऊसच न्हाई, मी तरी काय करू?" वेशीत उभे राहून पाटील म्हणाले. म्हाताऱ्या जुलेखाबी तिथेच होत्या. त्यांना राहवलं नाही.

"पाऊस अल्लाच्या हाती हाय, पाटील. पेव तुमच्या हाती व्हतं! तुमी दोघांनी गाव उठवलं."

पाटलांची मान खाली गेली. ते तसेच शहादेवच्या दारी गेले. दोघांनी मिळून पेव उघडलं. ज्वारी जशीच्या तशी होती, खाणारेच नव्हते! गाडी भरून दोघे वाटेला लागले. काही घरं परतली. साखराबाई एका ओढ्याकाठी भेटली, थोरल्याला घेऊन बसलेली.

"धाकटा?" शहादेवने विचारलं.

"कालच पुरला."

"माजं चुकलं, बाई," पाटील म्हणाले. "घरी चल."

"ज्वारी द्या, ह्याच्यासाटी घेते. पर ज्या गावात धान्य असून माजं लेकरू उपाशी मेलं, तिथं चूल कशी पेटवू?"

शहादेवने ज्वारीचं पोतं तिच्यापुढे उतरवलं.

बंधूंनो, भगिनींनो, दुष्काळ आभाळातून येतो, त्याला आपला इलाज नाही. पण शेजाऱ्याचं घर उठतं ते बहुतेकदा आपल्याच हट्टापायी. नमतं घ्यायचंच असेल, तर माणसं गावात आहेत तोवर घ्यावं.