माझ्या झाकणावरचे नाव

मित्रांनो, घाबरू नका, मी टोचत नाही. लाकडी पेटीत पारा घेऊन बसलेला, रक्तदाब मोजणारा जुना मापक आहे मी. माझा जन्म जर्मनीतला. डॉ. एमिल हिर्श यांनी मला विकत घेतले आणि झाकणावर आपल्या नावाची पितळी पट्टी बसवली. रोग्याच्या दंडाला पट्टा बांधण्याआधी ते तो तळहातांत धरून ऊबदार करीत. रोगी दचकला की आकडा चुकतो, असे ते म्हणत.

पुढे तिथल्या सरकारने ज्यू डॉक्टरांचे परवाने काढून घेतले. दवाखान्याची पाटी उतरवायला जो शिपाई आला, त्याचा दंड मी कितीदा तरी मोजला होता. तो मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिला.

डॉक्टर मला घेऊन मुंबईला आले. तेथे रत्नागिरीचा हुसेन त्यांचा कंपाउंडर झाला. त्याला त्यांनी पोटच्या मुलासारखे शिकवले आणि मरताना मला त्याच्या हाती सोपवले.

१९७४ साली हुसेनला बहारीनमध्ये, तुबली गावच्या एका कारखान्यातील प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी लागली. अरबांच्या मुलखात ज्यूचे नाव कसे न्यायचे, या धास्तीने त्याने निघण्यापूर्वीच माझी पट्टी काढून समुद्रात टाकली. कायदा नव्हता, कोणी दरडावलेही नव्हते. खरे सांगतो, मलाही हायसे वाटले. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

कारखान्याचे अरब मालक हाशिमसेठ, मुंबईच्या व्यापारात हिंदी शिकलेले, पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यायला आले. ऊबदार पट्टा दंडाला लागताच त्यांनी कौतुकाने विचारले, "ये किसने सिखाया?" मुंबईच्या डॉक्टर खान यांनी, असे हुसेनने ठोकून दिले.

बारा वर्षांनी हुसेन कायमचा गावी निघाला. निरोपाच्या दिवशी सेठनी मला सर्वांसमोर मांडले. माझ्या झाकणावर त्यांनी हौसेने नवी पितळी पट्टी बसवून घेतली होती. तिच्यावर कोरले होते: डॉ. खान, मुंबई. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. हुसेनने पुढे होऊन त्या पट्टीवर हात ठेवला.

"सेठ, ये नाम झूठा है. वो डॉक्टर हिर्श थे. यहूदी थे. मैं डर गया था."

"किससे?"

"आपसे."

 सेठ हळूच म्हणाले, "मैंने तो सिर्फ नाम पूछा था."

हुसेनला मान वर करवेना. मलाही तोंड लपवायला जागा नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, माझा पारा सांडू देऊ नका. पण हे कोणी शिकवले असे कोणी विचारले, तर खरे नाव सांगा. आमच्या डॉक्टरांची पहिली पाटी सरकारने काढली होती. दुसरी आम्ही काढली.