डूनहेमर

गुरुनाथ पडवळाच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधत होते आणि कुंपणापलीकडून ॲलन त्यांची टर उडवत होता.

“फळाला फाशी देणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, ट्यूख्टर!”

“सरळ वाढतं त्यानं,” गुरुनाथ आपल्या ठाशीव इंग्रजीत म्हणाले. “तुला काय कळणार, सॅसनाख!”

उल्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बाबा अमेरिकेत, एडिसनला तिच्याकडे राहायला आले तेव्हा या हाका तिला खटकल्या होत्या. मग ॲलननेच, तो मूळचा सखल स्कॉटलंडचा, एकदा उलगडा केला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गेलिक बोलणारे लोक सखल भागातल्या शेजाऱ्यांना सॅसनाख म्हणत, म्हणजे सॅक्सन. पुढे ते नाव इंग्रजांना चिकटलं. सखल भागातले उलट डोंगरातल्यांना ट्यूख्टर म्हणत, म्हणजे गावंढळ. तो शब्द आला कुठून, हे मात्र कुणालाच धड ठाऊक नाही. बाबांना कोण आनंद झाला होता. “म्हणजे आमचे घाटी आणि कोकणेच की!” खरं तर चिपळूणचा माणूस घाटाखालचा, सखलातला. पण नावं एकदा वाटली गेली ती गेली.

“बाबा, चहा गार होतोय!”

ते आत आले, हात धुतले, खुर्ची ओढून बसले. एक घोट घेऊन खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमच्याकडे या दिवसांत पडवळ चांगलं दोन हात झालेलं असतं.”

उल्काने तव्यावरची पोळी उलटली, जरा जोरातच. चार वर्षं झाली होती. ही खुर्ची त्यांची, तो वेल त्यांचा, ओक ट्री रोडवरचा वाणी त्यांना नावानं ओळखणारा. तरी ‘आमच्याकडे’ म्हटलं की चिपळूण. ती काहीतरी म्हणणार होती.

“साखर बरोबर आहे ना?” तिने विचारलं.

“आहे की.”

तो शनिवार. रविवारी सकाळी ते उठले नाहीत.

फ्रीमाँटहून तिचा भाऊ सौमित्र आला. सगळं शिस्तीत पार पडलं. रत्नामावशीने पुण्याहून फोनवर बजावलं, “अस्थी घरात नाही हो आणायच्या, उल्का. बाहेरच ठेवा.” चिपळूणला असतं तर बाहेर म्हणजे परसातलं झाड असतं. इथे बाहेर म्हणजे गराज. लाल फडक्यात बांधलेला कलश बर्फ काढायच्या फावड्याशेजारच्या फळीवर ठेवला. रोज ऑफिसला निघताना उल्का गाडी मागे घ्यायची आणि फळीकडे बघायचं टाळायची.

अस्थी घेऊन सौमित्र जाणार होता. उल्काचा व्हिसा रखडलेला. गेली तर परत कधी येईल, कोण जाणे. तिने वाद घातला नाही. जिथले होते तिथे जातायत, असं ती मनाशी म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी ॲलन आला. हातात पडवळ, दगडासकट.

“माझ्या बाजूला उतरलं होतं,” तो म्हणाला. “सरळ वाढलं खरं.” मग पायरीवर बसला. “त्याला घरी नेताय?”

“हो. आमच्या नदीत,” सौमित्र म्हणाला.

“बरोबर आहे. डूनहेमर होता तो. माझ्यासारखाच.”

“म्हणजे?” उल्काने विचारलं. हा शब्द तिने दोघांच्या गप्पांत ऐकला होता, विचारला कधी नव्हता.

“आमचे डम्फ्रीजचे लोक ग्लासगोला कामाला जायचे. रेल्वेत वगैरे. तिथे विषय कुठलाही निघो, यांचं सुरू: ‘डून हेम’ असं असतं, ‘डून हेम’ तसं असतं. खाली, आमच्या घरी. ऐकून ऐकून लोकांनी तेच नाव ठेवलं.” तो हसला. “गंमत अशी, की डम्फ्रीजमध्ये बसून कुणी तसं म्हणत नाही. घराबाहेर पडल्यावरच ते तोंडात येतं.”

“बाबा रोज म्हणायचे,” उल्का म्हणाली. “इथे बसून. चिपळूणबद्दल.”

सौमित्रने तिच्याकडे पाहिलं.

“इथे चिपळूण असेल. फ्रीमाँटला माझ्याकडे आले की वेगळंच. ‘आमच्याकडे उल्का आमटीत आमसूल घालते.’ ‘आमच्याकडे वाणी नारळ वाजवून देतो.’ ‘आमच्याकडे शेजारी एक सॅसनाख आहे.’ शेवटी माझी बायको शिवांगी वैतागून म्हणाली, बाबा, मग परतीचं तिकीट अलीकडचं करू का? तर म्हणतात, कर!”

ॲलन मोठ्यांदा हसला आणि मग रुमाल शोधू लागला.

“मला कधी बोलला नाहीस,” उल्का म्हणाली.

“काय बोलणार? मला राग यायचा ना, यार. माझंही घर होतंच की.”

उल्का पडवळाच्या दोऱ्याची गाठ नखांनी सोडवू लागली. गाठ बाबांची होती, सुटता सुटेना. तिने कात्री आणायला उठायचं मनात आणलं आणि तशीच बसून राहिली. बाबा फ्रीमाँटला निघायचे तेव्हा दारात वळून म्हणायचे, “येतो गं.” जातो म्हणायचं नसतं म्हणून म्हणतात, एवढंच तिने धरलं होतं. ती म्हणायची, “सांभाळून जा.” आणि दार लावून घ्यायची.

गाठ सुटली. दगड तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

टॅक्सी आली. सौमित्र गराजकडे वळला.

“थांब,” उल्का म्हणाली. “मी आणते.”

तिने फळीवरून कलश उचलला आणि गराजमधून घरात उघडणारं दार ढकललं.

“अगं, मावशीने सांगितलंय ना, घरात नाही...”

ती आत गेलीच होती. कलश त्यांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवून ती शेजारी बसली. चहा निवायला लागेल इतका वेळ. मग तो पोटाशी धरून ती बैठकीच्या खोलीतून पुढच्या दारापाशी आली, जिथून ते नेहमी निघत. कलश सौमित्रच्या हातात दिला, पण लाल फडक्यावरचा हात काढला नाही.

“येतो गं,” सौमित्र हळूच म्हणाला.

उल्का त्याच्याकडे बघत नव्हती.

“लवकर या, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय मला घरात करमत नाही.”