जुन्या वहीतला उपदेश

माझ्याकडे उपदेशांच्या तीन वह्या आहेत. दर रविवारी एक, असे ते तीन वर्षं पुरतात. मग पुन्हा पहिलीपासून सुरू. मंडळीला पत्ता लागत नाही, कारण दहाव्या मिनिटाला निम्मे लोक पेंगतात. धर्मशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या पाळकाने हे सांगू नये, पण आता झाकून तरी काय ठेवायचं?

त्या शनिवारी सर्दीने डोकं जड झालं होतं. वही न चाळताच पुढचं पान काढलं आणि रविवारी वाचलं. पान पंचवीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा युद्धाचं नाव नव्हतं आणि मी भलता शूर होतो. "शत्रूसाठी जे हात जोडायचे, त्याच हातांनी त्याच्यासाठी तोफगोळे घडवता येत नाहीत!" असं मी कडाडलो आणि पहिल्या बाकाकडे लक्ष गेलं. तिथे कारखान्याचे मालक बसले होते. युद्ध लागल्यापासून त्यांच्याकडे तोफगोळेच होतात, आणि आमच्या चर्चचं नवं छत त्यांच्याच देणगीतून चाललं होतं. उरलेलं अर्धं पान मी गिळलं आणि थेट आशीर्वादाला आलो.

मालक समजूतदार निघाले. "पाळकसाहेब, उपदेशात असं बोलावं लागतं, कळतं आम्हाला," म्हणाले. मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

कळलं नाही ते मागच्या बाकावरच्या, त्यांच्याच कारखान्यातल्या टर्नरला. सोमवारी त्याने लेथ मशीन बंद केलं, हात धुतले आणि राजीनामा दिला. वीस वर्षांची नोकरी, आणि बायकोला सातवा महिना. मालकांचा मला निरोप आला, "तुमचं ऐकतो तो. समजवा. शनिवारपर्यंत जागा ठेवतो."

वाटेत मी जय्यत तयारी केली: न्याय्य युद्ध, राजाचं काय, देवाचं काय, शिवाय बायबलच्या मूळ भाषेतले दोन शब्द. टर्नर दारात बसून शेजाऱ्याच्या खुरप्याला धार लावत होता. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि घरात डॉक्टर आल्यासारखी माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी अर्धा तास बोललो. एकीकडून असं, दुसरीकडून तसं. शेवटी त्याने खुरपं खाली ठेवलं.

"पाळकसाहेब, मी सातवी शिकलेला माणूस. रविवारी बोललात ते खरं की खोटं, एवढंच सांगा."

मी खोटं म्हणावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. मलाही तेच म्हणायचं होतं, त्यासाठीच तर आलो होतो. पण तोंडातून निघालं, "खरं."

तिने माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत निघून गेली.

"मग छताचं काय करणार?" टर्नरने विचारलं.

"विचार करून सांगतो," म्हणालो आणि चपला घातल्या. एवढ्या शिक्षणावर एवढंच सुचलं.

पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावर, मालकांच्याच शेजारी येऊन बसली. पोटावर हात, नजर माझ्या तोंडावर. मी वही उघडली, मिटली आणि म्हणालो, "छताचं काम आजपासून बंद. देणगी परत जाईल." मालक उठून गेले. मागे एकही जण पेंगत नव्हता.

बाहेर तिने मला दारात गाठलं. आता ही दोन शब्द सुनावणार, म्हणून मी मान खाली घातली.

"घरी चला," ती म्हणाली, "तुमचा चहा राहिलाय."