घराचं मत

सेउमालोला नव्या राज्यघटनेतलं कलम न् कलम पाठ झालं होतं, आणि आता त्याचाच त्याला वीट आला होता.

आदल्या साली ऑगस्टपासून ऑक्टोबर सरेपर्यंत तो आपियाजवळ मुलिनुऊच्या सभेत बसला होता. सामोआ स्वतंत्र होणार, तर राज्य कुणी आणि कसं करायचं, हे ठरवायला गावोगावचे लोक तिथे जमले होते. बोलून बोलून घसे बसले, मांडी घालून घालून गुडघे धरले. सगळं मिटलं असं वाटलं, तोवर हुकूम आला: मे महिन्यात सार्वमत आहे, आता हे लोकांना समजावून सांगा. तेव्हापासून सवाई बेटावर, लाव्हाच्या काळ्या खडकांवरून, सुजलेला गुडघा ओढत तो गावं पालथी घालत होता.

आणि प्रत्येक गावात तोच प्रश्न. सार्वमतात सगळ्या सज्ञान माणसांना मत, मग पुढच्या निवडणुकांत फक्त मताईंना का? घराण्याची पदवी धारण करणाऱ्यांनाच का?

सभेत हा प्रश्न काढला होता लेफाऊनं. त्याच्याच बेटावरचा, पण बोलायला उद्धट. "प्रत्येक माणसाला मत द्या," तो म्हणाला होता. तेव्हा सेउमालो हातातली वक्त्याची काठी टेकून उठला आणि म्हणाला, "मताई स्वतःचं मत देत नाही. तो घराचं मत घेऊन येतो. एका घरात दहा मतं झाली, की घर मोडलंच म्हणून समजा." सभेनं माना डोलावल्या. सेउमालोला ते वाक्य मनापासून खरं वाटत होतं. अजूनही वाटत होतं. फक्त रोज रोज तेच बोलून त्याची चव गेली होती.

स्वतःच्या गावात तो सगळ्यात शेवटी आला. बायकांच्या समितीची बैठक चालू होती. चटया विणता विणता बायका ऐकत होत्या. मधोमध बसली होती फेताई, त्याची थोरली बहीण, समितीची प्रमुख. सामोआत भाऊ कितीही मोठा मताई होवो, बहिणीपुढे त्याचा आवाज खालीच. इओआने हे त्याचं लहानपणचं नाव घेऊन त्याला हाक मारणारी आता ती एकटीच उरली होती.

"म्हणजे मे महिन्यात मी मत द्यायचं," ती म्हणाली.

"हो, ताई."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मताई देतील."

"म्हणजे तुम्ही मला एकदाच विचारणार, की बाई, तुला पुन्हा कधी विचारू नये ना?"

बायका खदखदून हसल्या. सेउमालो हसला नाही. त्यानं दमल्या आवाजात ते वाक्य पुन्हा म्हटलं. मताई स्वतःचं मत देत नाही, घराचं देतो.

"घराचं. बरं. घर म्हणजे कोण रे, इओआने?"

"आपण सगळे."

"ऐकलंत ना गं?" फेताई बायकांना म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली. "ठीक आहे. आम्ही होकार देऊ. स्वातंत्र्याला नाही कोण म्हणेल?"

आणि तिनं होकार दिला. पांढरे कपडे घालून, चर्चला जावं तशी ती मत द्यायला गेली. जानेवारीत स्वतंत्र सामोआचा झेंडा चढला. सेउमालो घरी आला आणि आता कुणी काही विचारणार नाही म्हणून त्यानं हुश्श केलं.

दोन वर्षांनी निवडणूक आली. त्याच्या भागातून दोघे उभे राहिले: लेफाऊ, आणि सेउमालोचा जन्माचा दोस्त तुआपेपे. तुआपेपे आव्याची मुळी भेट घेऊन घरी आला. दोघांनी ती कुटून पाण्यात कालवलेला आवा वाटीवाटीनं घेतला आणि सेउमालोनं शब्द दिला, "माझं मत तुझं."

रविवारी जेवणं आटोपली. नीरफणसाची सालं गोळा होत होती तेवढ्यात फेताई म्हणाली, "कुणी उठू नका. घराचं मत ठरवायचंय."

"ते ठरलंय, ताई. मी शब्द दिलाय."

"कुणाचा? तुझा, की घराचा?"

सेउमालो तरीही उठू लागला.

"मामा, रागावू नका," तिचा मुलगा सियाओसी म्हणाला. त्याची केळीची बाग होती. "गेल्या साली आमच्या पेट्या धक्क्यावर कुजत पडल्या, तेव्हा तुआपेपे कुठे होते? लेफाऊ आपियाला गेले आणि बोट मिळेपर्यंत त्या कचेरीतून हलले नाहीत."

"तो भांडकुदळ आहे."

"म्हणून तर बोट आली!" दवाखान्यात नर्स असलेली भाची मालिया पटकन बोलून गेली आणि जीभ चावून खाली बघू लागली.

एका म्हाताऱ्या चुलत्यानं तुआपेपेची बाजू घेतली, पण बायकोच्या नात्यातला म्हणून. बाकी सगळे लेफाऊकडे. बोलणी वाढत गेली, जुनी भांडणं वर आली, एक सून रडली. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. सेउमालोचं डोकं भणभणत होतं. मुलिनुऊचे ते सगळे महिने याहून सोपे होते, असं त्याला वाटलं. तिथे निदान रडत कुणी नव्हतं.

फेताईनं स्वतःचं मत शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या घरानं सांगितलंय. आता तू आणि देव."

मतदानाच्या दिवशी हातात पेन्सिल घेऊन तो कागदावरच्या नावांकडे बघत राहिला. कुणी पाहणारं नव्हतं. तुआपेपेच्या नावापुढे खूण केली असती तर घरालाही कळलं नसतं आणि दोस्तालाही वाईट वाटलं नसतं. पण मग गावोगाव जे सांगत फिरलो ते नुसतंच तोंडाची वाफ दवडणं. आणि प्रत्येकाला मत द्या म्हणणारा लेफाऊच तेव्हा खरा होता, असं होईल. त्याच्या नावापुढे खूण केली, तरच तो खोटा ठरतो! सेउमालोला हसूही येईना. त्यानं लेफाऊच्या नावापुढे खूण केली आणि तिथून थेट तुआपेपेच्या घरी गेला.

"मी तुला मत दिलं नाही," तो उंबऱ्याच्या दगडावर बसत म्हणाला. "घरानं दिलं नाही."

तुआपेपे आत बसल्या जागचा हलला नाही. "सांगायला कशाला आलास? गप्प बसला असतास तर मला कळलं असतं होय?"

"नसतं कळलं."

"मग? मोठेपणा मिरवायला आलास?"

"दमलोय रे. पोटात ठेवायचं बळ नाही."

तुआपेपेनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सामोआत याहून मोठा अपमान नाही.

निकाल लागला. तुआपेपे निवडून आला, चांगल्या फरकानं. गावात मेजवानी झाली, डुकरं भाजली गेली. सेउमालोच्या घरी मात्र पानात गुंडाळलेला वाटाही आला नाही. पुढे चर्चमध्ये तुआपेपे त्याच्या शेजारची जागा सोडून बसायला लागला.

फेताईनं तिसऱ्या प्रहरी कोको करून आणला आणि भावाच्या शेजारी टेकली.

"म्हणजे आपलं मत वाया गेलं," ती म्हणाली.

"गेलं. दोस्तही गेला."

"चांगला माणूस आहे का रे तो, तुआपेपे?"

"चांगला? लहानपणी मी बुडत होतो तेव्हा त्यानं मला ओढून काढलं. कुणाची दमडी कधी बुडवली नाही. भांडत नाही एवढाच दोष."

"मग त्या रविवारी हे का नाही बोललास?"

सेउमालोनं कप खाली ठेवला. "मताईनं आपल्याच घराला विनवायचं?"

"मीसुद्धा लेफाऊच म्हटलं होतं, मनात," फेताई म्हणाली. "आम्हाला काय ठाऊक? तू नुसता शब्द दिलाय म्हणत बसलास."

समुद्रावरून वारा येत होता. फेताईनं त्याचा दुखरा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि खोबरेल लावून चोळायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्याला बसल्या बसल्याच झोप लागली.