उलट्या अक्षरांचा ठसा

मी एक जुना सागवानी ठसा आहे. मित्रांनो, माझ्या तोंडावरची शाई कधीच वाळली, पण मनावर एक अपराध आहे. तो आज तुम्हांला सांगून टाकतो.

विलायतेला कापूस हवा होता, तेव्हाचे ते दिवस. वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या तोंडी कापूसच. सुताराने माझ्यावर ‘अमरावती’ ही अक्षरे उलटी कोरली, कारण ठसा उलटा असला तरच कापसाच्या गाठीवर नाव सुलटे उठते. गाठींवर ठसे मारणारा नत्थुजी मला शाई लावी आणि धपकन गाठीवर मारी. व्यापारी माझ्या ठसठशीत अक्षरांची तारीफ करीत. मी फार फुशारून गेलो होतो.

नत्थुजीचा दहा वर्षांचा मुलगा पुंजाराम देवीच्या रोगात आंधळा झालेला. त्याला शाळेची भारी हौस. पंतोजी म्हणाले, "होळीपर्यंत एक शब्द लिहून दाखव, मग बसवतो शाळेत."

नत्थुजीने मला घरी आणले, घासून धुतले आणि लेकाच्या हाती दिले. "घे बापा, हे अक्षरं चाचपून पाय."

महिनाभर पुंजाराम माझ्यावरून बोट फिरवीत होता. त्याची बोटे सोलली, तरी थांबला नाही. नत्थुजीची सारी उमर ठसे मारण्यात गेलेली. उलटे अक्षर त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की आपण लेकाला काय देतो आहोत हे त्याच्या ध्यानातच आले नाही. मला मात्र ठाऊक होते, मित्रांनो. तोंड असून मला बोलता आले नाही.

होळीच्या आदल्या दिवशी पुंजारामने धूळपाटीवर झरझर लिहिले. सारे उलटे! पोरे खो खो हसली. पंतोजी म्हणाले, "हा तर उलट्या खोपडीचा! घेऊन जा याला."

घरी येऊन तो जेवला नाही. मला त्याने कोपऱ्यात सारले. लाकडालाही लाज वाटते, हे मला तेव्हा कळले.

पंधरा दिवसांनी नत्थुजीने मला पुन्हा गाठीवर मारले आणि उमटलेल्या नावाकडे बघतच राहिला. मग कपाळ बडवीत तसाच शाईच्या हातांनी शाळेत धावला. "पंतोजी, पोरगं नाई चुकलं. म्या चुकलो! त्याले उलटा ठसा देल्ला."

त्याने मला ओल्या चिकणमातीत दाबले. माती वाळल्यावर त्यातली सुलटी अक्षरे पुंजारामने चाचपली आणि पंतोजींसमोर ‘अमरावती’ लिहून दाखवले. पंतोजी मान खाली घालून म्हणाले, "उद्यापासून ये."

पुंजाराम हसला नाही. त्याने बापाचा हात धरून एवढेच विचारले, "बाबा, मंग मी मठ्ठ नाई ना?"

ते पंधरा दिवस मी त्याला परत देऊ शकत नाही. मित्रांनो, आंधळ्या सोबत्याला काही शिकायला द्याल, तर आधी डोळे मिटून ते स्वतः चाचपून बघा. चूक देणाऱ्याची असते, आणि मठ्ठ ठरतो तो घेणारा.